अंधुक तेजोमेघ आणि आपले डोळे

बार मिट्झवाच्या निमित्ताने मुलास दुर्बीण भेट द्यावी, असे काही पालकांच्या मनात येते आणि ते आमचा सल्ला विचारतात. कल्पना उत्तमच आहे. परंतु पुढे काय होते, तेही आम्ही पाहिले आहे. खोक्यावर लाल-निळ्या तेजोमेघाचे झगझगीत चित्र असते. मुलगा गच्चीवर दुर्बीण लावतो आणि त्याला दिसतो एक राखी डाग. कधी तोही नाही. महिन्याभरात दुर्बीण कपाटावर जाते. यात दोष दुर्बिणीचा नसतो, मुलाचा तर नसतोच. ते चित्र कॅमेऱ्याने दीर्घकाळ प्रकाश साठवून काढलेले असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

दुर्बीण तेजोमेघ मोठा करून दाखविते, पण त्याच्या पृष्ठभागाचे तेज वाढवीत नाही. ताऱ्याची गोष्ट निराळी. तो बिंदूच राहतो, म्हणून आरसा जितका मोठा तितका तो उजळ. मेघाचा प्रकाश मात्र मोठ्या आकारावर पसरून जातो, आणि शहराच्या आकाशातील उजेडही त्याच्याबरोबर तितकाच पसरतो. तेव्हा मोठ्या दुर्बिणीवर अधिक शेकेल घालण्यापूर्वी एका रात्रीच्या पेट्रोलचा खर्च करावा, हे आमचे स्पष्ट मत आहे.

दिमोना, येरुहाम, बीरशेबा येथील आपल्या कुटुंबांनी या एका बाबतीत तरी तेल-अवीवकरांचा हेवा करण्याचे कारण नाही! बीरशेबाहून दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटरवर मित्झपे रामोन आहे. तेल-अवीव विद्यापीठाची वाइझ वेधशाळा १९७१ सालापासून त्याच परिसरात आहे. २०१७ साली रामोन मख्तेशाच्या काळोखास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळून ते राखीव अंधाकाश क्षेत्र ठरले. कोकणात वीज येण्यापूर्वीच्या रात्री ज्या आजोबांनी पाहिल्या असतील, त्यांना ते आकाश ओळखीचे वाटेल. रात्र रोश होदेशच्या आसपासची निवडावी. आपले महिने चंद्रावर चालतात, निराळे पंचांग शोधावयास नको.

तेथे पोहोचल्यावर पहिला अर्धा तास काहीच पाहू नये. डोळ्यांस अंधाराची सवय होण्यास २० ते ३० मिनिटे लागतात, आणि मोबाईलचा एक झोत ती क्षणात घालवितो. विजेरीवर लाल कागद बांधावा. मंद प्रकाश ओळखणाऱ्या दंडपेशी दृष्टिपटलाच्या ऐन मध्यभागी नसतात. म्हणून मेघाकडे रोखून न पाहता नजर किंचित बाजूस ठेवावी. रोखून पाहिले की मेघ नाहीसा होतो, बाजूस पाहिले की परत येतो. मुलांना हा खेळ फार आवडतो. दंडपेशींना रंग मात्र कळत नाहीत, म्हणून मेघ राखीच दिसणार. नेत्रिका कमी वर्धनाची लावावी. २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीस ४० पट वर्धन दिले तर बाहेर येणारी प्रकाशशलाका ५ मिलिमीटर जाडीची होते. तरुणाची बाहुली अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, आमच्या वयात तितकी नाही. या परीक्षेत नातवंडेच वरचढ ठरतात.

ऑगस्ट-सप्टेंबरात हंस तारकासमूहातील 'जालक' मेघ शोधावा. हजारो वर्षांपूर्वी स्फोट पावलेल्या ताऱ्याचे हे अवशेष विल्यम हर्शेलला १७८४ साली प्रथम दिसले. त्याचा विस्तार चंद्रबिंबाच्या सहापट आहे, आणि मित्झपे रामोनवरून तो जवळजवळ थेट डोक्यावरून जातो. साध्या लाकडी बैठकीची दुर्बीण ऐन माथ्यावर वळविणे कष्टाचे, म्हणून तासभर आधी किंवा नंतर पाहावा. ऑक्सिजनच्या हिरवट प्रकाशरेषा तेवढ्या आत सोडणारी गाळणी नेत्रिकेस लावली की, जिथे रिते आकाश होते तिथे विरलेल्या साडीच्या काठासारखे धागे उमटतात. कृत्तिकांभोवतीच्या मेघास मात्र या गाळणीचा उपयोग नाही; तो केवळ ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करतो.

मृगातील 'अश्वमुख' मेघाची घाई करू नये. तो १८८८ साली सापडला तोही छायाचित्राच्या काचेवर, डोळ्यांनी नव्हे. त्याच नक्षत्रात, बाणाच्या तीन ताऱ्यांखाली असलेला मोठा तेजोमेघ नवशिक्यासाठी सर्वांत सोपा. तो हिवाळ्यात दिसतो, आणि नेगेवची रात्र तेव्हा फार गारठते. जाड स्वेटर आणि चहाचा थर्मास बरोबर असावा. कुडकुडणारे मूल दहा मिनिटांत घरी चला म्हणते.