शिक्षणाविना परवाना हा अपराधच!

ज्या राज्यात दहावीच्या परीक्षेत कोणी कॉपी करू नये म्हणून भरारी पथके गावोगाव धावतात आणि परीक्षा केंद्राबाहेर पोलीस उभे राहतात, त्याच राज्यात मोटारीचे टनभर वजनाचे धूड भर वस्तीतून हाकण्याची पहिली परीक्षा घरबसल्या देता येते, साठ टक्के उत्तरे जुळली की शिकाऊ परवाना हाती पडतो, आणि पैसे मोजले तर दलालच उत्तरे भरून देतो अशी तक्रार वर्षानुवर्षे कानी येऊनही सत्ताधीशांची झोप उडत नाही. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्राच्या रस्त्यांवर १५,२२४ माणसे मेली. दिवसाला चाळीसहून अधिक! एवढी माणसे एखाद्या साथीने नेली असती तर विधिमंडळ हादरले असते. रस्त्यावरच्या मरणाला मात्र आपण ‘अपघात’ म्हणतो आणि हात झटकतो.

कोणत्याही शहरात सकाळी सात वाजता मोटार ड्रायव्हिंग स्कूलची गाडी पाहावी. मागच्या आसनावर आपल्या पाळीची वाट पाहणारे दोघे-तिघे दाटीवाटीने बसलेले. पुढे स्टिअरिंग घट्ट आवळून धरलेला अठरा वर्षांचा पोरगा. शेजारी शिक्षक, त्याचा एक पाय जोडब्रेकवर आणि नजर मोबाइलवर. ठरलेल्या दोन गल्ल्या, एक चौक, एक वळण. पंधरा मिनिटांत ‘उतर, पुढचा ये’. मोटार वाहन नियम किमान एकवीस दिवसांचे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास मागतात. ते तास नोंदवहीत भरतात, रस्त्यावर भरत नाहीत. तरीही प्रशिक्षण पुरे झाल्याच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म ५ वर, सही होते, आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढला जातो, आणि ज्याने रात्री समोरून येणारा झगझगीत प्रकाशझोत सोसलेला नाही, पहिल्या पावसात निसरड्या डांबरावर ब्रेक दाबून पाहिलेला नाही, घाटाच्या उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची असते हे ज्याला कोणी सांगितलेले नाही, त्या मुलाला शासनाचा शिक्का मारून खंबाटकी घाटाच्या उतारावर सोडले जाते. ही शासनमान्य फसवणूक आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव आलिशान मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते प्राणास मुकले, आणि मोटार चालवत असल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला. तो संताप रास्तच होता. पण त्या संतापात मेणबत्त्या पेटवणाऱ्यांपैकी कितीजणांनी घरी परतून आपल्या पंधरा वर्षांच्या चिरंजीवाच्या हातची स्कूटरची किल्ली काढून घेतली? अल्पवयीनाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकास वा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास, पंचवीस हजारांचा दंड, बारा महिने वाहननोंदणी रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही, असे २०१९ ची कायदादुरुस्ती बजावते. तरीही शिकवणी वर्गांच्या दारात विनाहेल्मेट, तिघे-तिघे बसलेल्या स्कूटरींची रांग रोज लागते, आणि नाक्यावरचा हवालदार ती रोज पाहतो. पोराला क्लासला सोडायला वेळ नाही, ही आईबापांची सबब. वरून आदेश नाही, ही हवालदाराची. या दोन सबबींच्या मध्ये पोरे चिरडली जातात.

शहाणपणाचा तुटवडा आहे म्हणावे, तर तेही खरे नाही. केंद्राने २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले. हलक्या मोटारीसाठी एकोणतीस तासांचा, वर्गातील पाठ आणि प्रत्यक्ष सराव अशा दोन्हींचा अभ्यासक्रम आखला. पुण्याजवळ भोसरीत वाहतूक प्रशिक्षणाची संस्था उभी आहे. आपल्याला सारे ठाऊक आहे, पण अशा केंद्रात शिकणे ऐच्छिक, फॉर्म ५ ची सही स्वस्त आणि दलाल दाराशी. म्हणून जो शिकू इच्छितो तो पदरमोड करतो आणि जो शिकत नाही त्यालाही तोच परवाना मिळतो. धनिकांची पोरे बापाच्या मोटारीवर हात साफ करतात, गरिबांची पोरे हमालीच्या टेम्पोवर, आणि दोघांच्याही शिक्षणाची किंमत पादचारी, सायकलस्वार आणि पहाटे रस्ता झाडणारी बाई मोजते.

म्हणून परिवहन खात्याकडे आमची मागणी स्पष्ट आहे. पंचविशीच्या आतील कोणालाही रात्रीचा, पावसातला, घाटातला आणि महामार्गावरचा सराव पुरा केल्यावाचून पक्का परवाना देऊ नका. सरावाचे तास नोंदवहीवर न सोडता गाडीतील यंत्राने मोजा. गरिबाच्या मुलाची फी सरकारने भरावी. आणि गेल्या पाच वर्षांत खोट्या फॉर्म ५ साठी किती ड्रायव्हिंग स्कूलांचे परवाने रद्द केले, त्यांची जिल्हावार यादी विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनातच सभागृहापुढे ठेवा.