माळढोक, माळ आणि शेतकरी

सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या गावाचे दप्तर उघडून पाहिले असता, ज्या भूमीवर नांगर फिरत नाही तिच्यापुढे ‘पडीक’, ‘पोटखराबा’ अथवा ‘गायरान’ यांपैकी एखादा शब्द लिहिलेला आढळतो. देशातील पडीक भूमीचे जे नकाशे तयार करण्यात आले, त्यांतही गवताळ माळांची गणना पडिकातच झाली. ज्या भूमीस कागदोपत्री काही मोल नाही, तिचा उपयोग मिळेल त्या कामासाठी होतो. मग तेथे खाण निघते, वसाहत उभी राहते, किंवा सद्हेतूने झाडे लावली जातात. माळढोक पक्ष्याच्या ऱ्हासाचा विचार या एका शब्दापासून करावयास हवा.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतील अत्यंत जड पक्ष्यांपैकी एक आहे. पूर्ण वाढलेला नर उंचीने सुमारे एक मीटर असून त्याचे वजन १५ किलोपर्यंत भरू शकते. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, शेतातील भुईमूग व कडधान्ये हे त्याचे खाद्य. पिकाचे थोडे तो खातो हे खरे, परंतु ज्या किडींवर तो जगतो त्यांचा हिशेब मांडल्यास शेतकऱ्याचे देणे त्याजकडे फारसे निघत नाही. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा पावसाळ्यात, एका हंगामात साधारणपणे एकच अंडे घालते व सुमारे चार आठवडे एकटीच उबवते. कुत्रा, कोल्हा, मेंढरांचा कळप किंवा कुतूहलाने जवळ गेलेला माणूस यांपैकी कशानेही ते अंडे वाया गेले, तर त्या मादीचे वर्ष बहुधा फुकट जाते. इतक्या मंद गतीने वाढणाऱ्या जातीस थोडी हानीही सोसत नाही.

नान्नज येथील माळढोकांकडे अभ्यासकांचे लक्ष १९७० च्या दशकात वेधले गेले. त्याच दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली तेथील माळाचे काही तुकडे चराईपासून राखण्यात आले. गवत वाढले, किडे वाढले, आणि माळढोक तेथे विणीसाठी येऊ लागला. उपाय साधा होता, क्षेत्र लहान होते आणि फळ डोळ्यांस दिसत होते. मात्र त्याच तुकड्यांत गिरिपुष्प व इतर झाडेही लावली गेली. झाडे उंच होताच उघड्यावर वावरणारा हा पक्षी तो भाग टाळू लागला. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने घेण्याचा हा प्रकार. पण त्या काळी झाड लावणे चुकीचे असू शकते, असे कोणाच्या मनात येणे कठीणच होते. आजही ते फारसे येत नाही.

पुढे १९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांत मिळून तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य घोषित झाले. आकाराने हे क्षेत्र सोलापूर जिल्ह्याच्या निम्म्याहून अधिक होते. त्यात गावे, बाजार, रस्ते व हजारो कुटुंबांच्या खासगी शेतजमिनी आल्या; वनखात्याच्या ताब्यातील माळ त्यामानाने अगदी थोडा व विखुरलेला होता. जेथे माळढोकाचे पाऊल कधी पडले नाही, अशा गावांतही जमिनीचे व्यवहार व विकासकामे अडू लागली. मुलीच्या लग्नासाठी एकर-दोन एकर विकू पाहणाऱ्या शेतकऱ्यास हा पक्षी प्रथम भेटला तो माळावर नव्हे, कचेरीतील अडचण म्हणून. अखेरीस क्षेत्र कमी करून ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. परंतु मधल्या तीन दशकांत गमावलेला लोकांचा सद्भाव रेषा बदलल्याने परत आला नाही.

मध्य प्रदेशातील करेरा येथेही असेच घडले. १९८१ च्या सुमारास तेथे सुमारे २०० चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य झाले. जमिनींवर निर्बंध आले, काळविटांची संख्या वाढून पिकांचे नुकसान होऊ लागले, आणि गावकरी माळढोकासच आपल्या त्रासाचे मूळ मानू लागले. १९९० च्या दशकात करेऱ्याचा माळढोक संपला. अभयारण्य मात्र कागदावर पुढेही अनेक वर्षे टिकले.

सोलापुरातील ऱ्हासाचा सारा दोष अभयारण्याच्या रेषेवर टाकणेही न्याय्य होणार नाही. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. पाण्याबरोबर ऊस आला, द्राक्षबागा आल्या. ज्वारी, तूर व करडईची कोरडवाहू शेते घटली. कोरडवाहू रान आणि माळ यांच्या सरमिसळीवर माळढोक जगत होता. पिढ्यान्पिढ्या दुष्काळ सोसलेल्या शेतकऱ्याने दारी आलेले पाणी पक्ष्यासाठी नाकारावे, असे कोणी म्हणेल तर ते ऐकण्याजोगे नाही. त्यातच कीटकनाशके आणि मोकाट कुत्री यांची भर पडली. वीजतारांचे जाळेही पसरले; या पक्ष्यास समोरचे कमी दिसत असल्याने व जड शरीरामुळे चटकन वळता येत नसल्याने तो तारांवर आदळून मरतो. आज देशात मोकळ्या रानात उरलेले माळढोक दीडशेहून कमी असावेत, आणि ते बहुतांशी राजस्थानात जैसलमेरच्या बाजूस आहेत. तेथे २०१९ पासून कृत्रिम प्रजननाचे काम चालू असून २०२४ साली कृत्रिम रेतनाद्वारे पहिले पिल्लू जन्मास आले. नान्नजला मात्र एखादा पक्षी दिसला तरी ती बातमी होते.

मग आता माळ कशासाठी राखावयाचा, असा प्रश्न गावसभेत विचारला जातो, व तो रास्त आहे. उद्या जैसलमेरची पिल्ले मोठी झाली तर त्यांना सोडावयास कोठेतरी माळ उरला पाहिजे, हे एक उत्तर. पण गावास पटण्याजोगे उत्तर चाऱ्याचे आहे. पवन्या, मारवेल यांसारखी चांगली गवते सततच्या चराईने नाहीशी होतात व मागे कुसळी तेवढी उरते. माळाचे तीन भाग करून दरवर्षी एक भाग बी झडेपर्यंत राखला, दुसऱ्यातून कापणी केली व तिसऱ्यात चराई ठेवली, तर गवत सुधारते आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या चंडोलासारख्या पक्ष्यांसही एक भाग निवांत मिळतो. धनगरांस विचारल्यावाचून हे भाग पाडू नयेत. कोणत्या महिन्यात कळप कोठे असतो, हे त्यांच्याइतके इतर कोणास ठाऊक नसते.

काळविटांचा उपद्रव खोटा म्हणून झटकून टाकण्याची चूक पुन्हा होता कामा नये. रात्रीतून ज्वारीचे कोवळे रान साफ झालेल्या शेतकऱ्यास वन्यजीवांचे महत्त्व समजावू जाणे हा अविचार होय. अशा वेळी कृषिसहाय्यकाने त्याच दिवशी शेतावर जाऊन अर्ज लिहून द्यावा. नुकसानीची खबर वनखात्यास तीन दिवसांच्या आत पोहोचली पाहिजे, ही अट अनेकांस ठाऊक नसते, आणि केवळ त्या एका कारणाने भरपाई हातची जाते.

वृक्षारोपणाचे उद्दिष्ट दरवर्षी जून महिन्याच्या सुमारास गावात येते, आणि खड्ड्यांसाठी सर्वांत सोपी जागा म्हणून माळाकडेच बोट दाखविले जाते. विणीचा हंगामही तोच असतो. रोपे बांधावर, ओढ्याकाठी, शाळेभोवती, रस्त्याच्या कडेस लावता येतात. जागेची यादी ग्रामपंचायतीपुढे जाण्यापूर्वी ग्रामसेवकाने वनरक्षकासह माळावर एकदा चालत फेरी मारावी व तेथे गवत कोणते आहे, काय चरते आहे आणि जमिनीवरून काय उडते आहे, याची नोंद त्या यादीस जोडावी.