दुधाच्या दातांची कीड आणि दप्तरातली चिठ्ठी

मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) आपल्या शाळांना ‘साखर फलक’ लावायला सांगितले. कोणत्या पेयात आणि कोणत्या खाऊत किती साखर असते, हे मुलांना रोज दिसावे, हा त्यामागचा हेतू. मंडळाच्या परिपत्रकानुसार ४ ते १० वर्षे वयोगटातील मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के, तर ११ ते १८ वयोगटात १५ टक्के उष्मांक साखरेतून येतात. शिफारस ५ टक्क्यांची आहे. या निर्णयावर बरीच चर्चा झाली, ती मुख्यतः लहान वयातील मधुमेह आणि लठ्ठपणाची. ती रास्तच होती. पण मधुमेह व्हायला काही वर्षे जातात. दातांवर मात्र साखरेचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच दिसू लागतो, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५१ कोटी मुलांच्या दुधाच्या दातांना कीड लागलेली आहे. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांचे दात किडलेले आढळले होते. त्यानंतरच्या दोन दशकांत बिस्किटांचे पुडे, गोड पेये आणि चॉकलेटे वाडीवस्तीवरच्या टपरीपर्यंत पोहोचली आहेत. दात किडणे हा मुलांमधला अगदी नेहमीचा आजार आहे, तरी आजार म्हणून त्याची दखल फार कमी घरांत घेतली जाते.

‘पडणारच आहेत, मग खर्च कशाला?’

याचे मुख्य कारण एका समजुतीत आहे. दुधाचे दात आज ना उद्या पडणार, मग त्यांच्यावर पैसे का घालवायचे, असे बहुतेक घरांत म्हटले जाते. पुढच्या दातांपुरता हा हिशेब थोडाफार जुळतो. ते सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेला अजून सहा ते आठ वर्षे काम करायचे असते. दुधाच्या दातांवरचे कवच कायमच्या दातांपेक्षा पातळ असते. त्यामुळे कीड काही महिन्यांतच आतल्या नसेपर्यंत पोहोचू शकते.

लहान मूल ‘दाढ दुखते’ असे क्वचितच सांगते. ते एकाच बाजूने चावते, भाकरी-पोळी नको म्हणते, घास गालात धरून बसते, रात्री रडत उठते. घरचे म्हणतात, जेवायचा कंटाळा करतो. मग टॉनिकची बाटली येते आणि दाढ तशीच राहते. पुढे गाल सुजला की गोळ्या-औषधांनी सूज उतरते, घरच्यांना वाटते बरे झाले. पण पू होण्याचे मूळ दाढेतच असते, आणि काही आठवड्यांनी सूज परत येते. हा संसर्ग खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातालाही इजा करू शकतो. दाढ वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि कायमचा दात वेडावाकडा येतो. पुढे तारा लावण्याचा खर्च येतो तो अनेकदा यातूनच.

आणखी एक गोष्ट पालकांच्या नजरेतून हमखास सुटते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच समजली जाते. प्रत्यक्षात ती कायमची असते, आणि दहाव्या वर्षाच्या आत ती पोखरलेली मुले दवाखान्यात नेहमी दिसतात.

तपासणी होते, पुढे काय?

शासनाकडे योजना नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली. या कार्यक्रमात ज्या ३० आजार-व्यंगांसाठी मुलांची तपासणी होते, त्यांत दातांची कीडही आहे. फिरती पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांना एकदा तपासतात. गरज असेल त्या मुलाला पुढे पाठवले जाते. जिल्हा पातळीवरच्या केंद्रात दंतवैद्याचे पदही धरलेले आहे. मे २०२३ मध्ये राज्याने ‘स्वच्छ मुख अभियान’ हाती घेऊन सचिन तेंडुलकर यांना त्याचे सदिच्छादूत केले. जागृतीसाठी अशी मोहीम उपयोगी पडते.

साखळी तुटते ती तपासणीनंतर. पथकातील डॉक्टर काळी पडलेली दाढ पाहतात आणि चिठ्ठी लिहून देतात. ती चिठ्ठी दप्तरातून घरी जाते आणि बहुधा तिथेच थांबते. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर एका पालकाची दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, आणि दातांचे काम एका खेपेत संपत नाही. त्यात मुलाला त्या दिवशी दुखत नसते. दुखू लागते तेव्हा दाढ वाचवण्याची वेळ गेलेली असते. मोठ्यांच्या रांगेत चार वर्षांच्या मुलासाठी अर्धा तास काढणे रुग्णालयालाही कठीण जाते. दाढ काढून टाकणे त्यापेक्षा लवकर होते.

बालदंतरोगतज्ज्ञ वेगळा ठरतो तो इथे. पदवीनंतर तीन वर्षांच्या शिक्षणात तो मुलांच्या दातांबरोबर त्यांची भीती हाताळायलाही शिकतो. पहिल्या भेटीत तो बहुधा काहीच ‘करत’ नाही. मुलाला खुर्ची वर-खाली करून दाखवतो, आरसा हातात देतो, दात मोजतो. कीड खोल गेली असेल तर नसेवर उपचार करून दाढेवर स्टीलची टोपी बसवतो. दाढ काढावीच लागली तर जागा राखणारे साधन लावतो. हे तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत आणि दंत महाविद्यालयांत आहेत. प्रत्येक तालुक्याला एक तज्ज्ञ नेमणे नजीकच्या काळात शक्य दिसत नाही. त्यामुळे तज्ज्ञापर्यंत जायची वेळ येण्याआधीच कीड थांबवायला हवी.

साधी औषधे, जवळचे हात

त्यासाठीचे उपाय उपलब्ध आहेत आणि फार महागही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत दातांसाठीचा स्वतंत्र विभाग केला. त्यात फ्लोराइडची टूथपेस्ट, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे द्रावण आणि ग्लास आयोनोमर सिमेंट यांचा समावेश आहे. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड किडलेल्या जागेवर ब्रशने लावतात. सुई नाही, यंत्राचा आवाज नाही. बहुतेक वेळा कीड पुढे सरकणे थांबते. मात्र ती जागा कायमची काळी पडते, हे पालकांना आधी सांगून त्यांची संमती घ्यावी लागते. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा तपासून गरजेप्रमाणे औषध परत लावतात. दाढेतून पू येत असेल किंवा सूज असेल, तर हा उपाय चालत नाही. ग्लास आयोनोमर सिमेंट हातातल्या साध्या अवजारांनीही भरता येते. त्याला विजेवर चालणारी खुर्ची लागत नाही.

अशी कामे शाळेत नेल्यास काय घडते, याचे उदाहरण स्कॉटलंडचे आहे. तिथे ‘चाइल्डस्माइल’ कार्यक्रमात बालवाडीत रोज शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांकडून दात घासून घेतले जातात आणि गरजेच्या भागांत वर्षातून दोनदा दातांवर फ्लोराइडचा लेप लावला जातो. २००३ मध्ये पहिलीतील ४५ टक्के मुलांचे दात उघड कीड नसलेले होते. २०१८ मध्ये हे प्रमाण ७१ टक्क्यांवर गेले. आपल्याकडे अंगणवाडी सेविका आहेत, पथके आहेत, दंत महाविद्यालयेही आहेत. पथकासोबत ठरलेल्या दिवशी एक दंतवैद्य आणि हे साहित्य गेले, तर अनेक मुलांचा उपचार चिठ्ठी न लिहिता जागेवरच होऊ शकेल.

घरी काय करावे?

कीड लागण्यात साखर किती खाल्ली याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे. गोड खाल्ल्यावर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निवळायला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने चहा-बिस्किट चालू राहिले, तर दातांना उसंतच मिळत नाही. रात्री लाळ कमी होते, म्हणून गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणे सर्वांत घातक. गोड द्यायचेच तर जेवणाबरोबर द्यावे.

पहिला दात दिसल्यापासून रोज दोनदा दात घासावेत. त्यातले रात्रीचे घासणे चुकवू नये. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते. मुलांसाठीच्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड नसते किंवा कमी असते. वेष्टनावर १००० पीपीएमचा आकडा पाहावा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडसारख्या जिल्ह्यांत जिथे पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या पालकांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत ब्रश मोठ्यांनी फिरवावा. महिन्यातून एकदा वरचा ओठ उचलून पाहावे. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते आणि तेव्हा ती परतवता येते. दातांच्या डॉक्टरांकडे पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी. ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ अशी धमकी कधीही देऊ नये. गाल सुजून ताप आला, डोळा झाकू लागला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शाळांनाही एक काम करता येईल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तपासणीनंतर दोन महिन्यांनी होणाऱ्या बैठकीत त्यांनी मुख्याध्यापकांना आणि पथकाला विचारावे: दातांसाठी किती मुलांना चिठ्ठी दिली, आणि त्यांतल्या किती जणांचे उपचार पूर्ण झाले? उरलेल्या मुलांसाठी एकच दिवस ठरवून त्यांना गाडी करून एकत्र नेता येते. मग पालकांची मजुरी वाचते, आणि समोर पंधरा मुले आलेली असली की रुग्णालयालाही त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवता येतो.