पट्टीवरचे ठोके

मागच्या महिन्यात आमच्या चाळीतल्या एका मावशींच्या छातीत कळ आली. ई.सी.जी. काढला, 'नॉर्मल' आला, मावशी निर्धास्त घरी परतल्या. रात्री दरदरून घाम फुटला. पुन्हा नेले, तर दुसऱ्या पट्टीत झटका स्पष्ट दिसला. मावशी वाचल्या, पण त्या पट्टीत असते तरी काय, हे मी त्यानंतर समजून घेतले.

हे यंत्र शरीरात वीज सोडत नाही, हृदयाचीच वीज टिपते. पहिला छोटा उंचवटा हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा, मग उंच टोक खालच्या कप्प्यांचे, शेवटचा गोल उंचवटा ते कप्पे पूर्ववत होतानाचा. कागद सहसा सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. दोन उंच टोकांमधले मोठे चौकोन मोजा आणि 300 ला त्या संख्येने भागा. चार चौकोन, म्हणजे मिनिटाला 75 ठोके. आम्हा कारकुनांना हा हिशेब सोपा! मोठ्या माणसाला स्वस्थ बसलेले असताना 60 ते 100 ठीक. टोकांतले अंतर कमी-जास्त असेल तर मात्र डॉक्टरांनाच दाखवा. अशा काही ठोक्यांत रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो.

पण पट्टी फक्त त्या काही सेकंदांची साक्ष देते. दुखणे चालू असेल तर पुन्हा ई.सी.जी. आणि रक्ततपासणीचा आग्रह धरा. अंगारा नको, 'गॅस झाला' म्हणून सोडा पिऊन थांबणेही नको. 108 ला फोन करा. जुनी पट्टी फेकू नका, नवी तिच्याशी ताडून पाहता येते. तो कागद पुसट होतो, म्हणून झेरॉक्स काढून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.