मेलेले माकड कोणत्या खात्याचे?

जंगलात माकड मरून पडले तर तो प्रश्न वनखात्याचा. गाईच्या अंगावर गोचीड बसली तर पशुसंवर्धन खात्याचा. काजूची लागवड कुठे आणि किती करावी, हे पाहायचे कृषी खात्याने. आणि त्या बागेत बिया वेचणाऱ्या बाईला ताप भरला, की मग आरोग्य खात्याची पाळी. कारभाराच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची आहे यात शंका नाही. अडचण एवढीच की रोगाला हे खातेवाटप मान्य नसते. सह्याद्रीतल्या माकडतापाने ही गोष्ट गेली सहा दशके आपल्याला वारंवार बजावली आहे. आणि आपण ती प्रत्येक साथीनंतर विसरत आलो आहोत.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्याच्या क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली. त्याच सुमारास आसपासच्या गावांतली माणसेही तीव्र तापाने आणि रक्तस्रावाने दगावू लागली. माकडांचे मरण आणि माणसांचे दुखणे यांचा संबंध आहे, हे आधी ओळखले ते गावकऱ्यांनी. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) शास्त्रज्ञ तिथे पोहोचले, तेव्हा हा पीतज्वर तर नसेल, अशी धास्ती होती. तपासाअंती निघाला तो एक नवाच विषाणू, आणि त्याचा वाहक डास नसून गोचीड होती.

हा शोध लागला कसा, ते आज मुद्दाम आठवले पाहिजे. नुसते रक्त तपासून हे कोडे सुटणारे नव्हते. विषाणूतज्ज्ञांच्या बरोबरीने कीटकतज्ज्ञ जंगलात उतरले. गोचिडी गोळा झाल्या, उंदीर-चिचुंद्र्या पकडून तपासल्या गेल्या. हा विषाणू सैबेरियाकडच्या एका विषाणूचा भाऊबंद असल्याने तो स्थलांतरी पक्ष्यांबरोबर आला असेल काय, अशीही शंका निघाली. पक्ष्यांच्या पायांत वाळे अडकवून त्यांचा माग काढण्याचे जे काम मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने हाती घेतले, त्यामागे ही शंकाही होती. आजच्या भाषेत ज्याला ‘आंतरविद्याशाखीय संशोधन’ असे भारदस्त नाव आहे, ते काम आपल्याकडे अशा रीतीने फारसा गाजावाजा न होता सुरू झाले होते.

त्यातून उभे राहिलेले चित्र मोठे उद्बोधक होते. या गोचिडीची पिल्ले उंदीर, चिचुंद्री, पक्षी अशा लहान जीवांवर जगतात. मधल्या अवस्थेतली गोचीड हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत माकडाला आणि माणसाला डसते. पूर्ण वाढलेली गोचीड मात्र गुरांसारखी मोठी जनावरे शोधते. गुरे या रोगाने आजारी पडत नाहीत. पण जंगलाच्या कडेला चरणारी गुरे गोचिडीला पोसतात आणि तिची संख्या भरमसाट वाढवतात. जॉर्ज बॉशेल या संशोधकाने १९६९ सालीच दाखवून दिले होते की, जंगल तोडून वस्ती, शेती आणि चराई आत सरकली, ती या साथीला आमंत्रण देणारी ठरली. बिचारे माकड या साखळीत गुन्हेगार नव्हे, आपल्यासारखेच बळी. ते मरून पडते तिथे त्याच्या अंगावरच्या गोचिडी जमिनीवर उतरतात आणि पुढच्या सावजाची वाट पाहतात.

आता या साखळीत झाडाचा काय संबंध, असे कोणी विचारील. १९८२-८३ साली दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडले गेले आणि त्यापाठोपाठ या रोगाची मोठी साथ उसळली. रुग्णांची संख्या हजारावर गेली. पुढे हा रोग शिमोग्याची वेस ओलांडून सह्याद्रीच्या रांगेने पसरला. २०१२-१३ मध्ये तो बंदीपूर, निलगिरी, वायनाड या भागांत दिसला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोहोचला. पुढच्याच वर्षी बांदा परिसरात त्याने हातपाय पसरले. काजूचा हंगाम आणि मधल्या अवस्थेतल्या गोचिडीचा हंगाम एकच! वाळलेल्या पातेऱ्यात वाकून बिया वेचणाऱ्या माणसाला ती गाठते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही सदाहरित जंगल, त्याला लागून बागायती लागवड आणि गावठी गुरांची दाटी, जिथे या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तिथे धोका अधिक, असेच आढळले. म्हणजे जमिनीचा वापर बदलला की रोगाचा नकाशा बदलतो. हा बदल नुसत्या दवाखान्यात बसून दिसणार नाही.

अर्थात याचा अर्थ डॉक्टरने शेती शिकावी आणि वनरक्षकाने सूक्ष्मदर्शक घेऊन बसावे, असा नव्हे. सर्वांना सगळ्यातले थोडेथोडे येणे म्हणजे कोणालाच काही नीट न येणे. गोचिडीची जात ओळखणारा जाणकार हवाच. विषाणू वेगळा करणारा हवाच. प्रश्न आहे तो या जाणकारांनी एकमेकांशी कधी बोलावे याचा. साथ येऊन गेल्यावर बोलावे, की माकड मरून पडते त्याच दिवशी?

लशीची कहाणी तर डोळ्यांत अंजन घालणारी आहे. माणसांना टोचायची ही लस बंगळूरच्या पशुआरोग्य संस्थेत तयार होत असे. १९९० पासून ती वापरात होती. तिचे दोन डोस घेतल्यास सुमारे ६२ टक्के आणि जोडीला वर्धक मात्रा घेतल्यास सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले होते. पुढे तिचा गुण उतरत गेला आणि २०२२ साली ती थांबवावी लागली. नवी लस हाती येण्याआधी जुनी गेली! ज्या संस्थेने जनावरांसाठीच्या कौशल्यावर माणसांसाठी लस बनवली तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण त्या लशीची काळजी वाहणे हे नेमके कोणाचे काम होते? बाधित राज्ये अनेक, रोगी गरीब आणि जंगलकाठचे. त्यांचा आवाज राजधानीपर्यंत पोहोचत नाही, हेही यामागचे एक कारण आहे.

कोविडच्या अनुभवानंतर ‘वन हेल्थ’ म्हणजे एक आरोग्य हा शब्द सरकारदरबारी रुळला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरला राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणीही झाली. या गोष्टीचे स्वागतच केले पाहिजे. पण नागपूरच्या इमारतीतून दोडामार्गची साथ थांबणार नाही. तालुक्याच्या पातळीवर वैद्यकीय अधिकारी, पशुवैद्य, वनक्षेत्रपाल आणि कृषी अधिकारी नोव्हेंबर उजाडण्यापूर्वी एका टेबलाभोवती बसतात काय? माकड मेल्याची वर्दी गुराख्याने दिली तर ती त्याच दिवशी चौघांपर्यंत जाते काय? त्या जागेभोवती औषधाची फवारणी होते काय, बागेत जाणाऱ्यांना अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल वेळेवर मिळते काय? नव्या लागवडीला परवानगी देताना कोणी आरोग्याचा विचार करते काय? याला फार पैसा लागत नाही. मात्र आपल्या खात्याची हद्द ओलांडण्याची तयारी लागते, आणि आपल्याकडे पैशापेक्षा तिचीच टंचाई अधिक.

संशोधकांनाही एक विनंती करावीशी वाटते. जंगलातले असे अभ्यास दोन-तीन वर्षांच्या अनुदानात पुरे होत नाहीत. साथ ओसरली की पैसा आटतो आणि माणसे पांगतात. शिवाय निष्कर्ष परदेशी नियतकालिकांत छापून येतात, ज्याच्या पायाला गोचीड चिकटते त्याला ते कळतही नाहीत. पहिली बातमी माकडाच्या मरणाने मिळते, दुसरी त्या माणसाच्या तापाने. पहिल्या बातमीला जागे व्हायचे की दुसरीची वाट पाहायची, हे ठरवणे मात्र आपल्या हातात आहे.