नवा संगणक, मुकी अक्षरे

खानदेशातील एखाद्या शिक्षणसंस्थेचा सुवर्णमहोत्सव जवळ येतो. स्मरणिका काढण्याचे ठरते. पंचवीस वर्षांपूर्वी निघालेल्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत संस्थापकांचा एक लेख होता, तो पुन्हा छापावा असे सर्वांच्या मनात येते. छापील प्रत शोधावी तर ती वाळवीने खाल्लेली. पण त्या वेळच्या कुणा दक्ष कार्यकर्त्याने मजकुराची सीडी कपाटात जपून ठेवलेली असते. सर्वांना हायसे वाटते. सीडी नव्या संगणकाला जोडली जाते, फाइल उघडते आणि पडद्यावर उमटतात ती इंग्रजी अक्षरे, कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हे. मराठीचा मागमूसही नसतो.

फाइल बिघडलेली नसते. मजकूर शब्दन् शब्द शाबूत असतो. नसतो तो फक्त त्या काळचा टंक, म्हणजे फॉन्ट. तो ज्या संगणकावर होता तो संगणक कधीच भंगारात गेलेला असतो आणि त्याच्याबरोबर तो लेख वाचण्याची किल्लीही गेलेली असते.

हा प्रसंग जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, कुठेही घडू शकतो. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत तो अधिक वेळा घडण्याचा संभव आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबवला. त्यामुळे कार्यालये, शाळा, पतपेढ्या आणि छपाईची दुकाने जुने संगणक काढून नवे घेत आहेत. विंडोज ११ केवळ ६४ बिटांची आहे. नव्वदच्या दशकातील १६ बिटांच्या आज्ञावली तिच्यावर चालत नाहीत. त्या काळच्या काही मराठी प्रणालींना संगणकाच्या मागे लावावे लागणारे कुलूप, म्हणजे डोंगल, बसवायला नव्या यंत्रांना तशी खाचही नाही. छपाईच्या क्षेत्रात तर ‘टाइप १’ या जुन्या जातीच्या टंकांचा आधार अडोबी कंपनीने जानेवारी २०२३ मध्येच काढून घेतला. सुधारणा ही चांगली गोष्ट आहे. पण मराठीच्या बाबतीत प्रत्येक सुधारणेबरोबर थोडा मजकूर मुका होतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मुखवट्यामागची इंग्रजी

असे का होते? संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. जुन्या काळी एका टंकात २५६ घरे असत आणि ती इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांच्यासाठी ठरलेली असत. मराठी टंक तयार करणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी आकार बसवला. एका घरात अर्धा ‘क’, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात रफार. पडद्यावर आणि कागदावर सुंदर मराठी दिसू लागली. फाइलमध्ये मात्र साठवली गेली ती इंग्रजी अक्षरेच. मराठी हा नुसता मुखवटा होता. टंक काढला की मुखवटा गळून पडतो.

त्यातही प्रत्येकाची घरे वेगळी. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम, फुकट वाटले गेलेले ‘शिवाजी’ आणि ‘किरण’ हे टंक, या प्रत्येकाची मांडणी निराळी. एका टंकात टंकित केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की त्याचे कडबोळे होते. त्यामुळे लेखक एका टंकात लिही, मुद्रक दुसऱ्यात जुळवी आणि मधे सगळा मजकूर पुन्हा टंकित करावा लागे. दोन मराठी माणसांमध्ये मराठी मजकुराची देवाणघेवाण करण्यासाठी एकाच कंपनीचे ग्राहक असावे लागत होते.

शिशाच्या खिळ्यांच्या युगात असे संकट नव्हते. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथले खिळे कधीच वितळले, पण त्यांतून उतरलेले ग्रंथ आजही वाचता येतात. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिपिशुद्धीची चळवळ हाती घेतली आणि ‘अ’ची बाराखडी पुढे आणली. नागरी लिपी यंत्रयुगात मागे पडू नये, हा त्यामागचा ध्यास होता. त्या पिढीने यंत्राचा विचार लिपीच्या बाजूने केला. पुढच्या पिढीने यंत्र घेतले आणि लिपी त्याच्या हवाली केली.

प्रमाण होते, पाळले नाही

याचा दोष परकीयांवर ढकलून चालणार नाही. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्रज्ञान विकसित झाले. पुढे पुण्याच्या सी-डॅकने ते देशभर नेले. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे प्रमाण संकेतन स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. म्हणजे आज जगभर चालणाऱ्या संकेतनाचा देवनागरी पाया भारतीयांनीच घातला. तरीही बाजारात वर्षानुवर्षे चालत राहिली ती मुखवट्याची मराठी.

युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे. तो जळगावात आणि जपानमध्ये एकच आहे. फाइलमध्ये अक्षरच साठवले जाते. ते कसे दिसावे एवढेच टंक ठरवतो. टंक बदलला तर रूप बदलते, मजकूर बदलत नाही. जीर्ण वस्त्र टाकून नवे ल्यावे, इतकाच तो बदल. जुन्या पद्धतीत मात्र वस्त्र काढले की माणूसच नाहीसा होतो. हा भेद ज्याला उमगला त्याला अद्ययावत करण्याची भीती उरत नाही.

युनिकोड टंकांनाही सुधारणा लागतात, पण त्या भाषेच्या हिताच्या असतात. वकिलांच्या नावाआधीच्या ‘ॲड.’मधील ‘ॲ’ या मराठी अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. त्यापूर्वीच्या टंकात त्याच्या जागी रिकामा चौकोन उमटतो. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ प्रमाण ठरवले. आज चांगल्या टंकांत मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की ही वळणे आपोआप येतात. हिंदी नोंदवली की हिंदीची वळणे येतात. टंक अद्ययावत ठेवणे म्हणजे या सोयी मिळवणे होय. एकाच टंकाच्या दोन आवृत्त्या एका संगणकावर नांदू लागल्या तर ओळी सरकतात, पाने वाढतात. टंकांची व्यवस्था पाहणाऱ्या आज्ञावलींचे काम नेमके हे: दुबार टंक हुडकणे, बिघडलेले बाजूला काढणे, हव्या त्या कामापुरतेच टंक सुरू ठेवणे. ज्या दुकानात शेकडो टंक साठले आहेत, तिथे ही शिस्त चैन नसून गरज आहे.

लिहून ठेवले म्हणून उरले

खानदेशाला हा विषय परका वाटू नये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात आचार्य विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. ती उरली, कारण सोबतच्या कोठड्यांतून आलेल्या साने गुरुजींनी ती टिपून घेतली. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून ठेवली आणि १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आली. आज जळगावचे विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून बासने उघडली, मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडाखंडांतून छापली आणि १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे १९२७ पासून उभे आहे. मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. त्यांनी उभारलेला विश्वकोश आज संकेतस्थळावर युनिकोडमध्ये आहे. कुणीही शब्द टंकित करावा आणि नोंद शोधावी.

विश्वकोशाला जे साधले ते गावोगावच्या मजकुराला साधलेले नाही. साधारण १९९० ते २०१० या वीस वर्षांत खानदेशात जे लिहिले गेले त्यातले पुष्कळसे जुन्या टंकांत आहे. अहिराणी आणि लेवा बोलीतली गाणी व म्हणी जमवणाऱ्यांच्या वह्या, विद्यार्थ्यांचे प्रबंध, संस्थांचे अहवाल, कुळांच्या वंशावळी, दिवाळी अंक, ग्रामदैवतांची माहिती, केळी आणि कापसावरच्या पुस्तिका. यांतले बरेच फक्त एकदाच, थोड्या प्रतींत छापले गेले. राजवाड्यांना शत्रू होते ते कसर, वाळवी आणि मालकांची अनास्था. आताच्या संशोधकाला चौथा शत्रू मिळाला आहे. मजकूर हातात आहे, पण वाचता येत नाही. तीनशे वर्षांपूर्वीची मोडी वाचणारे जाणकार अजून भेटतात. पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल वाचणारा भेटत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

दोष चालकाचा नव्हे

यावर छपाई-व्यावसायिकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. जळगावच्या गोलाणी मार्केटपासून धुळ्याच्या क्रमांक लावलेल्या गल्ल्यांपर्यंत, डीटीपी करणाऱ्या तरुणांनी जुन्या टंकांवरच हात बसवला. त्यांवर घर चालवले. जुन्या टंकांची वळणे देखणी होती. सुरुवातीचे युनिकोड टंक मोजकेच होते. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर अक्षरतज्ज्ञाने घडवला, पण तो मुख्यतः पडद्यासाठी होता. पेजमेकरला युनिकोड देवनागरी कधीच जुळवता आली नाही आणि इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अधिकृत सोय झाली ती २०१२ मध्ये. तोवर चालकाने करायचे काय?

हे सर्व खरे आहे. परंतु आज ती सबब उरलेली नाही. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ हा टंक उपलब्ध करून दिला आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ मुक्त परवान्याने मिळतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा तर मराठी वळणासाठीच काढलेला पुस्तकी टंक आहे. चोरून उतरवलेल्या टंकांची गरज नाही आणि परवडत नाही ही तक्रारही नाही.

काय करावे

पहिले काम यादीचे. संस्थेत, घरात, दुकानात कोणत्या सीडी, कोणत्या जुन्या डिस्क आहेत, त्यांत काय आहे आणि ते कोणत्या टंकात आहे हे वहीत लिहून काढावे. टंकाचे नाव हाती असले की अर्धी लढाई जिंकली. दुसरे काम, जुना संगणक चालू आहे तोवर त्यावरून प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची छापील प्रत आणि पीडीएफ काढून ठेवावी. पीडीएफने पान जसेच्या तसे दिसते, मात्र त्यातला जुन्या टंकाचा मजकूर शोधता वा उचलता येत नाही. म्हणून तेवढ्यावर थांबू नये.

तिसरे काम रूपांतराचे. जुन्या टंकातून युनिकोडमध्ये नेणारी साधने उपलब्ध आहेत, पण ती निर्दोष नाहीत. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफार, जोडाक्षरे आणि ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला अर्धा ‘ऱ’ इथे चुका राहतात. म्हणून चौथे काम मुद्रितशोधनाचे आणि ते माणसानेच करायचे. निवृत्त मराठी शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांची जोडी बसली तर एक स्मरणिका काही संध्याकाळींत तपासून होते. आजोबांनी वाचावे, नातवाने दुरुस्त करावे. घरातल्या वंशावळीसाठी याहून चांगला मार्ग नाही. शेवटी तयार मजकुराच्या तीन प्रती कराव्यात. एक संस्थेत, एक अन्यत्र आणि एक जिल्ह्याच्या ग्रंथालयात किंवा संशोधन मंडळात.

शासनानेही हात आखडता घेऊ नये. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अमळनेरने त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पाहिले. अभिजातपणाचा मान प्राचीन ग्रंथांमुळे मिळतो, पण तो टिकतो तो कालपरवाचे लिखाणही जपल्याने. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयाने आणि प्रकाशनाने युनिकोड प्रत जमा करावी, एवढी साधी अट घातली तरी पुढच्या पिढीचे मोठे काम होईल. कंपन्यांनीही आपल्या जुन्या टंकांचे तक्ते खुले करावेत. त्यांचा व्यापार त्याने बुडणार नाही. अडकलेली मराठी सुटेल.

ज्याचा क्षय होत नाही ते अक्षर, असा अर्थ पूर्वजांनी या शब्दात भरला. ती त्या शब्दाची हमी नसून वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांवर टाकलेली जबाबदारी आहे. यंदा नवा संगणक घरात येईल, कार्यालयात येईल. त्याचे स्वागत व्हावे. पण जुना संगणक भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढण्यापूर्वी तो एकदा उघडून पाहावा. कदाचित त्यात एखाद्या आजीची गाणी असतील आणि ती उतरवून घेणारा आता हयात नसेल.