यादीत आपले नाव आहे म्हणून?

मतदानाचा हंगाम आला की आपल्याकडे एक पीक हमखास उगवते : परक्याविषयीच्या भीतीचे. १९६६ मध्ये शिवसेना वाढीस लागली ती मुंबईतील दाक्षिणात्यांविरुद्धच्या रोषावर. २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेसाठी मुंबईस आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांनी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांचा मार खाल्ला. आता 'घुसखोर' हा शब्द चलनात आहे. शब्द बदलतो, हिशेब मात्र मतांचाच राहतो.

'बाहेरच्यांना हाकलले पाहिजे' हे बोल आपल्या ख्रिस्ती घरांतूनही ऐकू येतात, याचे आम्हास दुःख होते. सोलापूर कोणी घडविले? १८७७ च्या सुमारास येथे जुनी मिल सुरू झाली, तिच्यामागून इतर गिरण्या आल्या, आणि तेलंगणातील पद्मशाली विणकरांनी येथे बिऱ्हाडे थाटली. ज्या चादरीने या शहराचे नाव देशभर नेले, ती त्यांच्या मागावर विणली गेली. त्यांच्या स्त्रियांनी विड्या वळून संसार सावरले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची नावे वाचावीत : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. यांत मूळचा कोण व उपरा कोण, हे ठरविण्यास कोण धजेल? आज सोलापूरची मुले पोटासाठी पुण्यास जातात. त्यांना तेथे कोणी 'परत जा' म्हटले, तर?

कोणी म्हणेल, फादर, गावाची वेस निराळी आणि देशाची सीमा निराळी. मान्य. सीमा राखणे हा राष्ट्राचा अधिकार आहे व येणाऱ्याने त्या देशाचे कायदे पाळावेत, असेच ख्रिस्तसभा शिकविते. परंतु जीव वाचविण्यास वा पोट भरण्यास आलेल्याला राष्ट्राने ऐपतीप्रमाणे आसरा द्यावा, हीही तिचीच शिकवण आहे.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांस नागरिकत्वाची वाट मोकळी केली. मुसलमान वगळले. यादीत आपले नाव पाहून आपल्यातील कित्येक संतुष्ट आहेत. छळ सोसलेल्या ख्रिस्ती बांधवास आसरा मिळावा, यात वाद नाही. परंतु २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून मिझोरामात आलेले हजारो चिन निर्वासित बहुसंख्येने ख्रिस्तीच आहेत. त्यांच्या देशाला त्या कायद्यात स्थान नाही. तेव्हा ही यादी ख्रिस्ती माणसाच्या कळवळ्याने झाली, या भ्रमात कोणी राहू नये. आणि तशी झाली असती, तरी पंगतीत शेजाऱ्याचे पान रिकामे ठेवून आपल्या पानात पडलेला घास आपल्या घशाखाली कसा उतरावा?

परमगुरू बारावे पायस यांनी १९५२ मध्ये मिसर देशी पळालेल्या पवित्र कुटुंबास सर्व निर्वासितांचा आदर्श म्हटले. योसेफाजवळ कोणत्या दरबाराचा दाखला होता? मिसरी लोकांनी 'आमच्यातला की बाहेरचा' एवढेच पाहिले असते, तर बाळ येशूचे काय झाले असते?

मत कोणास द्यावे, हे सांगणे आमचे काम नव्हे. परंतु दारी येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवारास आपल्या घरांनी स्पष्ट सांगावे : आमच्या मुलांना काम कसे मिळेल ते बोला, कोणाला हाकलणार, ते आम्हास ऐकावयाचे नाही.